चेता वाढते, पण वाट चुकते

कंठमण्यावर हलकेच बोट ठेवून ‘म्‌ऽऽ’ असा आवाज काढला की बोटाला कंप जाणवतो. हा कंप स्वरयंत्रातील दोन स्वरतंतूंचा असतो. बोलताना ते जवळ येतात आणि फुफ्फुसांतून येणाऱ्या हवेने थरथरतात; श्वास घेताना दूर होतात. त्यांना जवळ आणणारे स्नायू अनेक आहेत, दूर नेणारा मात्र प्रत्येक बाजूला एकच.

या दोन्ही परस्परविरोधी कामांचे आदेश एकाच चेतेतून (मज्जातंतूतून) येतात. ही चेता मानेतून थेट स्वरयंत्राकडे वळत नाही. डावीकडे ती छातीत उतरून महाधमनीच्या कमानीला, तर उजवीकडे हाताकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालते आणि श्वासनलिकेच्या कडेने पुन्हा वर येते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने ओरडणाऱ्या डुकराची ही चेता कापली, तेव्हा ते एकदम मुके झाले. आवाजावर ताबा मेंदूचा असतो, हे त्याने असे दाखवून दिले.

ही चेता अवटू (थायरॉइड) ग्रंथीला अगदी लागून जाते. त्यामुळे त्या ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत तिला इजा होऊ शकते. एका बाजूची चेता निकामी झाली तर आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंच्या निकामी झाल्या तर श्वासाचाच मार्ग अरुंद होतो.

तुटलेली चेता पुन्हा वाढते. तिचा वेग दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर असतो. मग आवाज पूर्ववत का होत नाही? चेता म्हणजे एक तार नव्हे, असंख्य अक्षतंतूंची जुडी असते. रस्ता खोदताना दूरध्वनीची केबल तुटली आणि तारा पाहिल्याविना जोडल्या, तर फोन लागेल. पण भलत्याच घरी. येथेही तसेच घडते. ‘उघड’ हा आदेश नेणारे अक्षतंतू मिटणाऱ्या स्नायूंत शिरतात, तर ‘मिट’ आदेशाचे उघडणाऱ्या स्नायूत. दोन्ही स्नायू एकाच वेळी ओढू लागतात. रस्सीखेचीत दोन्ही संघ तुल्यबळ असले की दोर जागचा हलत नाही, तसा स्वरतंतू स्थिर राहतो. स्नायू जिवंत असतात, पण हालचाल नसते.

म्हणून नुसती वाढ पुरेशी नाही, चुकीची जोडणी टाळणे महत्त्वाचे. पहिला उपाय इजाच न होऊ देण्याचा. शस्त्रक्रियेत चेता डोळ्यांनी ओळखली जाते आणि सौम्य विद्युतप्रवाहाने तिचे कार्य तपासले जाते.

दुसरा उपाय वेगळी चेता जोडण्याचा. अमेरिकेत रॉजर क्रमली यांनी 1980 च्या दशकात मानेच्या पुढच्या स्नायूंकडे जाणारी एक चेता येथे जोडण्याची पद्धत पुढे आणली. तिच्यामुळे स्वरतंतू हलत नाही, पण स्नायूंना ताण व भरदारपणा येतो. दुसरा निरोगी स्वरतंतू त्याला येऊन भिडतो आणि आवाज सुधारतो.

तिसरा उपाय प्रथमदर्शनी विचित्र वाटेल: एक वाट मुद्दाम बंद करणे. कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन हे औषध अक्षतंतूंच्या वाढीला लागणाऱ्या सूक्ष्मनलिका बनू देत नाही. अक्षतंतू येऊन पोहोचण्यापूर्वी ते उघडणाऱ्या स्नायूत टोचले, तर तेथे नवी जोडणी होत नाही आणि मिटणाऱ्या स्नायूंना विरोध उरत नाही. श्वासासाठी दुसऱ्या बाजूचा स्वरतंतू उघडतोच! कुत्र्यांवरील प्रयोगांत अशा रीतीने स्वरतंतू मिटण्याची ताकद वाढलेली आढळली.

दोन्ही बाजू निकामी असतील तर मात्र उघडणेच महत्त्वाचे. त्यासाठी फ्रान्समध्ये झाँ-पॉल मारी यांनी श्वासपटलाच्या चेतेचा उपयोग केला. ती प्रत्येक श्वासाला आपोआप आदेश देते, म्हणजे स्वरतंतूही नेमके श्वास घेतानाच उघडतात.

वर्गात चेता शिकवताना आपण फळ्यावर एक रेघ काढतो. पुढच्या वेळी दोन रंगांच्या दोऱ्यांची जुडी कापून, डोळे मिटून, पुन्हा गाठी मारायला सांगावे. तुटलेले जुळले म्हणजे बरे झाले असे का नव्हे, हे विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात येईल.