पोत्यावरचे टक्के आणि कोंबडीच्या पोटातला उतारा

— ऊस विकास अधिकारी



उसाच्या नोंदीसाठी शिवारात फिरताना हल्ली कोंबड्यांची शेड नाही असे गाव विरळाच. उसाचा पैसा वर्षाने येतो, अंड्याचा दर आठवड्याला. जोडधंदा चांगलाच आहे. परंतु या धंद्यात निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावर होतो, आणि नफा-तोटा तिथेच ठरतो. करारावर पक्षी सांभाळणाऱ्यांना खाद्य तयार मिळते. हा लेख घरी खाद्य कालवणाऱ्यांसाठी आहे.

मागच्या हंगामात गंगापूरकडच्या एका सभासदांच्या शेडवर थांबलो होतो. ते म्हणाले, "साहेब, सोयापेंड महाग पडते म्हणून निम्मी काढली अन् मक्याचं डीडीजीएस घातलं. पोत्यावर प्रोटीन २८ टक्के लिहिलंय. मग अंडी का घटली?"

मी विचारले, "तुमचा ऊस काट्यावर शंभर टन भरला, पण उतारा पडला, तर साखर किती निघंल?" त्यांच्या लगेच ध्यानात आले.

प्रथिने म्हणजे काट्यावरचे वजन. कोंबडीला लागतात ती प्रथिनांतली अमिनो आम्ले, मुख्यतः लायसिन व मिथिओनिन. त्यातलीही जेवढी आतड्यात पचून रक्तात जातात तेवढीच कामाची. तोच खरा उतारा. शास्त्रज्ञ तो मोजताना लहान आतड्याच्या शेवटी काय शिल्लक राहिले ते पाहतात. कारण पुढच्या भागातले जंतू उरलेल्या अमिनो आम्लांत फेरफार करतात आणि विष्ठेवरून नेमका हिशोब लागत नाही.

आता हिशोब पाहू. चांगल्या सोयापेंडीत प्रथिने सुमारे ४६ टक्के, लायसिन २.८ टक्के, आणि त्यातले ९० टक्के पचते. म्हणजे शंभर किलोमागे अडीच किलो पचनीय लायसिन. मक्याच्या डीडीजीएसमध्ये प्रथिने २८ टक्के, पण लायसिन ०.८ टक्क्याच्या आसपास, आणि पचते साठ-पासष्ट टक्के. म्हणजे फक्त अर्धा किलो! प्रथिनांत फरक दीडपटीचा दिसतो, लायसिनमध्ये तो पाचपट निघतो. शंभर किलो खाद्यातून १० किलो सोयापेंड काढून तेवढेच डीडीजीएस घातले, तर २०० ग्रॅम पचनीय लायसिन गेले. अंड्यावरच्या कोंबडीला शंभर किलो खाद्यात ते सुमारे ७०० ग्रॅम लागते. अंडी घटणारच.

असे का होते? मक्यात मुळातच लायसिन थोडे. मद्यार्क काढून उरलेला चोथा वाळवताना आच जास्त लागली, की लायसिन साखरेशी बांधले जाते आणि पचत नाही. सरकी पेंडीतही गॉसिपॉल लायसिनला बांधून ठेवते, शिवाय साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. याउलट कच्च्या सोयाबीनला आचच हवी. त्यातला एक घटक प्रथिने पचू देत नाही आणि तो उष्णतेनेच जातो. म्हणून घरचे सोयाबीन कच्चे कधीही घालू नये.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. पुढच्या हंगामासाठी ते उठले, पण मक्याच्या इथेनॉलला जोर आला आणि डीडीजीएस मुबलक झाले. माल टाकाऊ मुळीच नाही. फक्त एवढे सांभाळा :

१. सोनेरी-पिवळा माल घ्यावा. काळपट, जळका वास येणारा परत करावा.

२. सुरुवात शंभर किलोत पाच किलोने करावी. कमी पडणारे लायसिन-मिथिओनिन पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वरून घालावे.

३. बुरशीच्या विषाची तपासणी करून घ्यावी. मक्यात अफ्लाटॉक्सिन असेल तर डीडीजीएसमध्ये ते सुमारे तिपटीने वाढते.

४. विक्रेत्याला प्रथिनांबरोबर पचनीय लायसिनही विचारावे.

सभासदांनो, उसाच्या उताऱ्याबद्दल आपण कारखान्याला जाब विचारता, तो आपला हक्कच आहे. तोच जाब खाद्याच्या पोत्यालाही विचारा, ही कळकळीची विनंती.