परदेशातून मागवलेला मोबाइल आणि कस्टम्स: गैरसमज व वस्तुस्थिती

परदेशी विक्रेत्याकडून फोन मागवला, कार्डाने पैसे भरले की आपलं काम संपलं असं अनेकांना वाटतं. मग पार्सल मुंबई विमानतळावरच्या कुरिअर टर्मिनलमध्ये थांबतं, केवायसीचा मेसेज येतो, ड्यूटीचा आकडा कळतो आणि चहूकडून सल्ले सुरू होतात. या सल्ल्यांपायी लोक नाहक पैसे घालवतात, कधी फोनही घालवतात. कुरिअर कंपनी फक्त तुमच्या वतीने कागद दाखल करते. कायद्याच्या दृष्टीने आयातदार तुम्ही असता. किंमत, वस्तूचं वर्णन आणि हेतू याबद्दल कागदावर जे लिहिलं जातं, त्याची जबाबदारी तुमची. त्या कागदांवरचा हक्कही तुमचाच.

गैरसमज: पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहिलं की ड्यूटी लागत नाही.

वस्तुस्थिती: ही पळवाट १२ डिसेंबर २०१९ रोजी बंद झाली. टपालाने किंवा कुरिअरने ‘भेट’ म्हणून विनाशुल्क वस्तू सोडवून घेण्यावर परकीय व्यापार महासंचालनालयाने त्या दिवशी बंदी घातली. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबत पाठवलेल्या भेटवस्तूंना मात्र ही सवलत नाही. अमेरिकेतल्या भावाने प्रेमाने पाठवलेला फोन तुम्हाला मिळू शकतो, पण पूर्ण शुल्क भरूनच.

गैरसमज: फोनच्या किमतीवर १५ टक्के आणि १८ टक्के, म्हणजे एकूण ३३ टक्के.

वस्तुस्थिती: २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात मोबाइलवरचं मूळ सीमाशुल्क २० वरून १५ टक्के झालं. आयजीएसटी एप्रिल २०२० पासून १८ टक्के आहे. मात्र हे दोन आकडे सरळ बेरजेत बसत नाहीत. शुल्क लागतं ते फोनची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर, आणि रुपयांतला हिशेब कस्टम्सने अधिसूचित केलेल्या विनिमय दराने होतो.

फोन ४८,००० रुपयांचा आणि वाहतूक-विमा २,००० रुपये धरू. मूल्य झालं ५०,०००. त्यावर १५ टक्के मूळ शुल्क ७,५०० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ७५० रुपये. आता बेरीज ५८,२५०. आयजीएसटी या बेरजेवर लागतो: १०,४८५ रुपये. एकूण शुल्क १८,७३५, म्हणजे साडेसदतीस टक्क्यांच्या जवळपास. याखेरीज कुरिअर कंपनीचं स्वतःचं क्लिअरन्स शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा.

आणखी एक बारकावा लक्षात ठेवा. वरचा हिशेब सीमाशुल्क दरपत्रकातल्या मोबाइलच्या ८५१७ या शीर्षकाचा आहे. वैयक्तिक वापराच्या आयातीसाठी ९८०४ हे वेगळं शीर्षक आहे; त्याचे दर निराळे आहेत आणि ते अनेकदा बदलले आहेत. आकडा अनपेक्षित वाटला तर कुरिअर कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारा: कोणत्या शीर्षकाखाली दाखल केलंत?

गैरसमज: विक्रेत्याला किंमत कमी लिहायला सांगितलं तर कोणाला कळतं?

वस्तुस्थिती: मॉडेलचं नाव कळलं की बाजारभाव कोणालाही शोधता येतो. किंमत खोटी निघाली तर माल जप्त होऊ शकतो, दंड लागू शकतो आणि फोन सोडवायचा तर वेगळी रक्कम भरावी लागते. कार्डाचं स्टेटमेंट मागितलं गेलं की खरी रक्कम समोर येतेच. ‘इलेक्ट्रॉनिक वस्तू’ असं मोघम वर्णनही पार्सल अडकवतं. इन्व्हॉइसवर कंपनी, मॉडेल, स्टोरेज, नवा की वापरलेला आणि आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, असायला हवा. आयएमईआय नसलेल्या किंवा त्या जागी सगळी शून्यं असलेल्या हँडसेटच्या आयातीवर २००९ पासून बंदी आहे.

गैरसमज: एका फोनसाठीही आयात परवाना काढावा लागतो.

वस्तुस्थिती: स्वतःच्या वापरासाठी आयात करणाऱ्याला आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, लागत नाही. केवायसी मात्र द्यावं लागतं: आधार, पॅन, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. इथे आपल्याकडची एक सवय नडते. ऑर्डर हाक मारायच्या नावाने दिलेली असते आणि आधारवर नाव वेगळंच. ऑर्डर देतानाच ओळखपत्रावरचं पूर्ण नाव लिहा. आधारवरचा पत्ता गावचा आणि राहणं पुण्यात असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावाही हाताशी ठेवा.

गैरसमज: जुना किंवा रिफर्बिश्ड फोन मागवला की ड्यूटी वाचते.

वस्तुस्थिती: मोबाइल हा भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) सक्तीच्या नोंदणीतला प्रकार आहे आणि अशा वापरलेल्या उपकरणांची आयात सरकारी परवानगीशिवाय करता येत नाही. रिफर्बिश्डही त्यातच मोजतात. स्वस्तात मिळालेला जुना फोन त्यामुळे नव्यापेक्षा जास्त अडचणीत आणतो.

गैरसमज: वॉरंटीत फुकट बदलून मिळालेल्या फोनवर शुल्क नाही.

वस्तुस्थिती: तुम्ही पैसे दिले नसले तरी वस्तूला मूल्य आहे, आणि शुल्क मूल्यावर लागतं. आधी भरलेलं शुल्कही आपोआप परत येत नाही. सदोष माल परत पाठवल्यावर परतावा मागायची तरतूद आहे. पण त्यासाठी मूळ आयातीचे आणि परत पाठवल्याचे दोन्ही कागद लागतात, आणि मुदत पाळावी लागते.

गैरसमज: कस्टम्समधून कॉल आला तर लगेच पैसे पाठवलेले बरे.

वस्तुस्थिती: या भीतीवर फसवणुकीचा धंदा चालतो. ‘तुमचं पार्सल विमानतळावर अडकलंय, अटक होईल’ असं धमकावून खासगी खात्यात पैसे मागतात. कस्टम्स अशा रीतीने शुल्क घेत नाही. विभागाच्या अधिकृत पत्रावर डीआयएन हा ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कुरिअरचं शुल्क कंपनीच्या अधिकृत पोर्टलवर ट्रॅकिंग क्रमांक टाकून भरा. टपालाने आलेल्या पार्सलचं शुल्क पोस्टात पावती घेऊन भरा. पैसे गेलेच तर क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

शुल्क भरल्यावर

पैसे भरल्याच्या मेसेजवर समाधान मानू नका. कुरिअर कंपनीकडून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टम्सकडे दाखल केलेल्या आयातीच्या कागदाची, प्रत मागून घ्या. मूल्य, शीर्षक, विनिमय दर, प्रत्येक शुल्काची रक्कम सगळं त्यावर असतं, आणि कंपनीची फी वेगळी काढून पाहता येते. आकारणी चुकली आहे असं वाटलं तर आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत सीमाशुल्क आयुक्तांकडे (अपील) दाद मागता येते. हे अपील बिल ऑफ एंट्रीच्याच आधारे उभं राहतं. पुढे फोन विकताना तो रीतसर शुल्क भरून आणल्याचा पुरावाही हाच. इन्व्हॉइस, पैसे भरल्याचा पुरावा आणि बिल ऑफ एंट्री, हे तीन कागद फोन तुमच्याकडे असेपर्यंत एकत्र जपून ठेवा.