गोठणारी माती पाणी ओढते

ईशान्य चीनमधली हार्बिन–दालियान अतिवेगवान रेल्वे १ डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाली. उन्हाळ्यात ताशी ३०० किलोमीटर धावणाऱ्या या गाड्यांना सुरुवातीच्या हिवाळ्यांत ताशी २०० ची मर्यादा होती. अशा थंडीत रुळांखालची माती वर उचलली जाण्याचा धोका असतो, आणि या वेगाला काही मिलिमीटरचा फरकही चालत नाही.

जमीन का उचलली जाते? शाळेतलं उत्तर तयार असतं: पाणी गोठलं की ९ टक्के प्रसरण पावतं. हिशेब करून पाहा. एक मीटर खोलीपर्यंत माती गोठली आणि तिच्यात ४० टक्के पाणी धरलं, तरी जमीन साडेतीन सेंटिमीटरच वर यायला हवी. थंड देशांत ती वीस-वीस सेंटिमीटर उचलली जाते!

याचा छडा लावला स्टीफन टेबर या भूवैज्ञानिकाने, तेही दक्षिण कॅरोलायनासारख्या उबदार राज्यात राहून. चिकणमातीच्या नमुन्यांना खालून पाणी पुरवत त्याने ते वरून गोठवले. आत स्वच्छ बर्फाच्या आडव्या चकत्या तयार झाल्या होत्या. त्यांच्या जाडीची बेरीज माती जितकी उचलली गेली जवळजवळ तितकीच भरली. मग त्याने पाण्याऐवजी बेंझीन वापरलं. बेंझीन गोठताना आकसतं, तरीही माती उचलली गेली! इतका निर्णायक प्रयोग क्वचितच सापडतो. १९३० मध्येच प्रसरणाचा मुद्दा निकालात निघाला होता, तरी टेबरचं नाव विद्यार्थ्यांच्या कानावर पडत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मातीचा कण आणि बर्फ यांच्यामध्ये शून्याखालीही पाण्याचा अतिसूक्ष्म पापुद्रा द्रवरूपात टिकतो. समईची वात तेल खेचते तसा गोठणारा थर त्यातून खालचं पाणी खेचत राहतो आणि चकती जाड होत जाते.

चिकणमातीत ही ओढ जबरदस्त, पण छिद्रं इतकी बारीक की पाणी सावकाश चढतं. वाळूत पाणी सहज वाहतं, पण ओढच नाही. सगळ्यात त्रासदायक ठरते ती मधली गाळमाती. पण चिकणमातीतही थंडी एकाच खोलीवर रेंगाळली, की चकतीला वाढायला सवड मिळते. म्हणूनच भाकीत अवघड.

मृदा-अभियंते आर्थर कासाग्रांदे यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कसोटी दिली: लहानमोठ्या कणांच्या मिश्र मातीत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण ३ टक्क्यांच्या वर गेले, की ती माती धोक्याची. पण माती किती उचलली जाईल, हे त्यातून कळत नाही. ते सांगण्यासाठी कॅनडात कोनराड आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९८० च्या सुमारास एक गुणोत्तर मांडलं: पाणी वर येण्याचा वेग भागिले गोठणाऱ्या कडेजवळचा तापमानाचा उतार. वरचं ओझं बदललं की तेही बदलतं. संगणकीय प्रारूपांचे दावे वाचताना मी आधी पाहतो, भूजल किती खोल धरलंय. तेच चुकलं तर पुढची आकडेमोड व्यर्थ.

रस्त्याखाली जाड खडीचा थर घातला, की पाण्याची ही वाट तुटते. जिथे तो नसतो तिथे खरी पडझड वसंतात होते. बर्फ वरून वितळतो, खालचा थर गोठलेलाच राहतो आणि मधल्या चिखलाला निचऱ्याला जागा उरत नाही. म्हणून मिनेसोटात दर वसंतात काही आठवडे अनेक रस्त्यांवर अवजड ट्रकांच्या वजनावर मर्यादा घालतात.