वादी, मणी आणि मनगट

पवना आणि इंद्रायणी यांच्या काठाने पसरलेला पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा मुलूख महाराष्ट्रात यंत्रांचा मुलूख म्हणून ओळखला जातो आणि ती ओळख सर्वथा यथार्थ आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, त्याच्या भूखंडांवर चिंचवड-भोसरीचे ओसाड माळ कारखान्यांनी गजबजून गेले, १९८२ साली येथील नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि २००९ पर्यंत चाकणच्या शिवारातून मर्सिडीज व फोक्सवॅगन यांच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. हा इतिहास लिहिणाऱ्यांनी कारखान्यांची दखल घेतली, कामगार-चळवळींची घेतली, जमिनी गमावलेल्या शेतकऱ्यांचीही थोडीफार घेतली. परंतु पाळीवर गेलेल्या माणसांच्या मागे त्याच वसाहतींतील घरांत जे हातकाम चालते, त्याची नोंद करण्याचा शिरस्ता आपल्याकडे अद्याप पडलेला नाही. शिवण, विणकाम, लोणची-पापड यांच्या जोडीला अलीकडच्या काळात या घरगुती हुन्नरांत एका नव्या जिनसेची भर पडली आहे. चामड्याच्या बारीक वाद्यांमध्ये मणी शिवून, मनगटाला दोन-तीन वेढे देऊन घालावयाच्या ब्रेसलेटची ही भर. वस्तू लहान आहे. परंतु तिच्यात एकवटलेले कसब आणि तिच्यामागची परंपरा मुळीच लहान नाही.

हा अलंकार आज ज्या रूपात प्रसिद्ध आहे, त्या रूपाला जगभर लोकप्रियता मिळवून देण्याचे श्रेय व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या आणि लॉस एंजेलिस येथे व्यवसाय थाटलेल्या चान लू या कलावतीकडे जाते. त्याची घडण प्रथमदर्शनी अगदी सोपी भासते. दोन समांतर वाद्या, त्यांच्यामध्ये आडवे बसवलेले मणी, एका टोकास फासा आणि दुसऱ्या टोकास बटण, एवढाच त्याचा सरंजाम. शिडीला जशा पायऱ्या, तसे वाद्यांना मणी, आणि म्हणूनच या शिवणीला शिडीचा टाका म्हणतात. नाव परदेशी बाजारातून आले असले, तरी मणी दोऱ्यात गाठणे आणि चामड्याची वादी काढणे ही दोन्ही कामे महाराष्ट्राच्या भूमीत इतकी पुरातन आहेत की, ही वस्तू आपल्याकडे पाहुणी म्हणून आली असे म्हणण्यापेक्षा दूरदेशी वाढलेल्या आप्तासारखी आली असे म्हणणेच अधिक न्याय्य होईल.

प्रवरेच्या काठी नेवासे येथे जे उत्खनन झाले, त्यात ताम्रपाषाणयुगीन बालकाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ आढळली आणि तिच्यातील धाग्याचे अवशेषही तांब्याच्या क्षारांमुळे टिकून राहिले होते. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीर्घकाळ जे उत्खनन केले, त्यातही दगडाचे आणि भाजलेल्या मातीचे मणी सापडले. सातवाहन काळात भरभराटीस आलेल्या तेर येथील मणी तर तेथील लामतुरे संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. म्हणजे आपल्या पूर्वजांनी लोखंडाचा नांगर हाती धरण्यापूर्वीच मण्याला छिद्र पाडून त्यातून दोरा ओवला होता.

पुढील काळात या कामाचे अधिकृत मानकरी झाले ते पटवेकरी. मंगळसूत्र गाठावे, काळ्या मण्यांची पोत ओवावी, रेशमाचा गोफ विणून त्याला गोंडे लावावे, ठुशीची दोरी बांधून द्यावी, ही त्यांची कामे. सोनाराने घडविलेला जिन्नस पटवेकऱ्याच्या हातून गेल्यावाचून अंगावर चढत नसे. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून, तो ताठ धरून, दोन्ही हात मोकळे ठेवून काम करण्याची त्यांची बैठक ज्याने पाहिली असेल, त्याला या नव्या ब्रेसलेटच्या कामात वाद्या एका टोकास घट्ट का अडकवतात हे निराळे सांगावे लागणार नाही. आपल्या घरांतही मनगटावरचा मणी नवा नाही. तान्ह्या बाळाच्या हातांत घातल्या जाणाऱ्या काळ्या मण्यांच्या मनगट्या, देहू-आळंदीच्या दुकानांत टांगलेल्या तुळशीच्या माळा आणि भवानीच्या भक्तांच्या गळ्यातील कवड्यांची माळ ही सारी एकाच कुळातील मंडळी होत. चामडे आणि अलंकार यांचा संयोग पाहावयाचा, तर तो बैलाच्या गळ्यात पाहावा. घुंगरे बसवलेले चामडी पट्टे खेड-चाकणच्या शेतकऱ्याने आपल्या खिल्लाऱ्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या हौसेने विकत घेतले आहेत.

चामड्याची परंपरा सांगावयाची, तर कोल्हापूरचे नाव प्रथम घ्यावे लागते. कोल्हापुरी चप्पल पारंपरिक पद्धतीने करताना तिला खिळा लावीत नाहीत. तळ, पट्टा आणि कान चामड्याच्याच वादीने शिवून एकजीव केले जातात. या चपलेला २०१९ साली महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिच्यासाठी लागणारे कातडे चुन्याच्या निवळीत भिजवून, केस व मांस खरवडून, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात कित्येक आठवडे मुरवून कमावले जाते. वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेल्या या कातड्याचा गुण असा की, ते वापराने मऊ होत जाते, अंगाच्या उष्णतेने व तेलाने त्याचा रंग हळूहळू गडद होतो आणि वस्तू जुनी होते तशी अधिक देखणी दिसते. मनगटावर रोज वागवावयाच्या वस्तूला याहून योग्य साहित्य सापडणे कठीण आहे. मात्र बाजारात मिळणारी बारीक गोल वादी बहुधा कानपूरकडून येते आणि स्वस्त मालात चामड्याऐवजी रेक्झिन किंवा चामड्याच्या चुऱ्यापासून केलेली दोरी खपविली जाते. तिची परीक्षा सोपी आहे. वादीचे टोक तिरपे कापून पाहावे. अस्सल चामडे आतून तंतुमय आणि सलग दिसते. नकली वादीत वरचा रंगीत पापुद्रा आणि आतला गाभा निरनिराळे दिसतात आणि नखाने खरवडताच सुटू लागतात.

मण्यांच्या आणि दोऱ्याच्या खरेदीसाठी या पट्ट्यातील मंडळी पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळीकडे वळतात. तेथे मणी वजनावरही मिळतात आणि सरांच्या हिशेबानेही. उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद, पुर्दिलनगर व वाराणसी येथील काचेचे मणी, गुजरातेतील खंभातचे अकीक, लाकडी मणी, पितळी मणी असा तो विस्तृत संसार आहे. खंभातच्या अकीकाची कारागिरी तर हडप्पा संस्कृतीपासून चालत आलेली मानली जाते. नवशिक्याचा हात रंगाकडे जातो, जाणत्याचा छिद्राकडे. या शिवणीत प्रत्येक मण्यातून सुई दोनदा जावी लागते. म्हणून छिद्र निमुळते, खरबरीत किंवा वेडेवाकडे असेल, तर कितीही सुंदर मणी निरुपयोगी ठरतो. काचेच्या मण्याच्या छिद्राची कड धारदार राहिली असेल, तर ती दोरा कुरतडते आणि दोन-चार महिन्यांत ब्रेसलेट तुटते. याकरिता मणी ताटात पसरून, आकाराने थोरले-धाकटे वेगळे करून, सुईने एकेक छिद्र तपासून घेणे हा कामाचा पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होय.

आता प्रत्यक्ष घडण. साधारण सोळा सेंटिमीटर घेराच्या मनगटाला तीन वेढे द्यावयाचे, तर बांधणीसह सुमारे पन्नास सेंटिमीटर लांबी लागते. त्यासाठी दीड ते दोन मिलिमीटर जाडीची दीड मीटर वादी घेऊन ती मधोमध दुमडतात. दुमडीपाशी बटण जेमतेम आत शिरेल एवढा फासा ठेवून त्याखाली गाठ मारतात आणि त्याच गाठीत मेण लावलेल्या बारीक नायलॉनच्या दोऱ्याचे टोक अडकवून टाकतात. फासा परीक्षेच्या पॅडच्या चिमट्यात धरला की पटवेकऱ्याच्या पायाच्या अंगठ्याचे काम तो चिमटा करतो. दोन वाद्या करणाराकडे समांतर लोंबत राहतात. दोरा डाव्या वादीच्या खालून घेऊन सुईत मणी ओवतात, मणी दोन वाद्यांच्या मधोमध बसवतात आणि सुई उजव्या वादीच्या खालून बाहेर काढतात. मग दोरा उजव्या वादीला वळसा घालून वर येतो, त्याच मण्यातून उलट दिशेने परत जातो आणि डाव्या वादीच्या वरून बाहेर पडतो. येणारा दोरा वाद्यांच्या खालून आणि परतणारा वरून, अशा दोन धाग्यांच्या पकडीत दोन्ही वाद्या सापडतात. मणी हलत नाही, वादी निसटत नाही. चार मिलिमीटरच्या मण्यांनी तीन वेढे भरावयास सुमारे एकशेवीस मणी लागतात. म्हणजे सुई दोनशेचाळीस वेळा छिद्रांतून न्यावी लागते आणि प्रत्येक वेळी दोरा सारख्याच ताणाने ओढावा लागतो.

या सारख्या ताणातच सारे कौशल्य साठवलेले आहे. ताण कमी पडला, तर मण्यांमध्ये फटी पडून दोरा दिसू लागतो आणि ब्रेसलेट लुळे पडते. ताण अधिक झाला, तर वाद्या आत खेचल्या जाऊन पट्टी कमरेपाशी आवळल्यासारखी अरुंद होते आणि पुढे वाकडी वळत जाते. दहा-बारा मणी झाले की पट्टी चिमट्यातून काढून उलटी धरावी, दोन्ही कडा डोळ्यासमोर आणून पाहाव्या आणि किंचितही बाक दिसला, तर तेवढे मणी बिनदिक्कत उसवावे, हा जाणत्यांचा दंडक आहे. दोरा मध्येच संपला, तर नवा दोरा वादीच्या मागल्या बाजूस गाठ मारून जोडावा. मण्याच्या छिद्रात गाठ कधीही दडवू नये, कारण तेथे ती दुसऱ्या फेरीच्या सुईला अडवते. शेवटी दोन्ही वाद्यांची एकत्र गाठ मारून बटण ओवावे, त्याला लगटून आणखी एक गाठ घालावी आणि उरलेली टोके तिरपी कापावी. ही दुसरी गाठ लहान भासते, परंतु तीच बटणाला जागेवर धरते. सरावलेल्या हातालाही एका नगास एक दुपार सहज लागते.

येथे या पट्ट्याचा आणि या कामाचा खरा संबंध ध्यानात येतो. ज्या घरातील एक माणूस दिवसभर गेज लावून मोटारीचे सुटे भाग तपासतो, त्या घरात माप म्हणजे काय, सारखेपणा म्हणजे काय आणि नापास झालेला नग का बाजूस ठेवावयाचा असतो, हे निराळे शिकवावे लागत नाही. कारखान्यात हा सारखेपणा साच्याने आणि यंत्राने साधतो. घरात तोच बोटांच्या स्मृतीने आणि डोळ्यांच्या शिस्तीने साधावा लागतो. मात्र कारखान्यातील त्या श्रमांना पगारपत्रक आहे, ओव्हरटाइम आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे. घरातील श्रमांना 'फावल्या वेळचा छंद' या तीन शब्दांपलीकडे नाव मिळत नाही.

हा अन्याय केवळ शब्दांचा नाही, जमाखर्चाचाही आहे. घरी केलेल्या वस्तूची किंमत सांगताना करणारी बाई बहुधा वादी, मणी, बटण आणि दोरा यांचा खर्च धरते, त्यावर अल्पशी रक्कम चढवते आणि आपली दुपार फुकट देऊन टाकते. ग्राहकही यंत्राने चिकटवलेल्या, रेक्झिनच्या स्वस्त पट्टीशी तिची तुलना करून घासाघीस करतो. सरकारी दप्तरातही या कामाला निश्चित घर नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय नमूद आहेत. त्यांत चर्मकार आहे, फुलांच्या माळा करणारा आहे, सोनारही आहे. परंतु मणी गाठणारा पटवेकरी त्या यादीत नाही, आणि चामडे व मणी यांचा मेळ घालणाऱ्या गृहिणीचा तर प्रश्नच उद्भवत नाही. त्या मानाने बचत गटांची वाट अधिक मोकळी आहे. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, ग्रामीण भागात 'उमेद' अभियान आणि शहरात महानगरपालिका यांच्या आधाराने गट उभे राहिले. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची पवनाथडी जत्रा अशा गटांना आपला माल थेट लोकांपुढे मांडण्याची जागा देते. मधला दलाल टळतो, आणि घेणारा व करणारी समोरासमोर येतात, हा तिचा मोठा लाभ.

एवढ्यावर थांबून चालणार नाही. या घरांनी कानपूरच्या वादीऐवजी कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडील चर्मकारांकडून हिरड्याबाभळीने कमावलेल्या कातड्याची वादी घेण्याची तजवीज केली, तर एकाच वस्तूतून दोन हुन्नरांचा चरितार्थ चालेल आणि त्या वस्तूवर महाराष्ट्राची मुद्राही उमटेल. पटवेकऱ्यांच्या घरांत आज जे थोडे वृद्ध हात उरले आहेत, त्यांच्याकडून गोफ, गाठी व गोंडे शिकून घेण्याचे वर्ग गटांनी भरवावे. तीन वेढ्यांच्या ब्रेसलेटला रेशमी गोंड्याचे टोक लाभले, तर त्याची शोभा कुणाही परदेशी नमुन्याहून कमी ठरणार नाही. करणाऱ्या भगिनींनी प्रत्येक नगाच्या हिशेबात आपल्या तासांची मजुरी सामानाच्या खर्चाआधी लिहावी आणि ती मागण्यास संकोच करू नये. घेणाऱ्यांस विनंती इतकीच की, जत्रेत अशी वस्तू हाती आली, तर प्रथम ती उलटी करून तिच्या कडा पाहाव्या, वादीचे टोक तपासावे, मण्यांमधील ताण बोटाने अजमावावा. आणि काम चोख आढळले, तर सांगितलेली किंमत पूर्ण द्यावी. चोख कामाची पारख करून त्याचा वाजवी मोबदला देणारे ग्राहक जेथे आहेत, तेथेच हातकाम टिकते.