पोपटीतील ओवा आणि प्रतिनिधी द्रव्यांचा विवेक

पेण-रोहा परिसरात हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, ओल्या शेंगा, जाडे मीठ आणि ओवा. पाणी मुळीच नाही. यातील ओवा केवळ चवीसाठी नसतो. वाल, म्हणजे निष्पाव, वातकर व विष्टंभी. ओवा उष्णवीर्य, दीपन, पाचन व वातानुलोमन. म्हणूनच ओवा संपल्यास त्याजागी काय घालावे, हा प्रश्न वैद्यकाचाही ठरतो.

गृहिणी अशा वेळी सारखी चव वा सारखे नाव शोधते. अजमोदा कटु, तिक्त, उष्ण व दीपन असल्याने चालतो. जिरे व हिंग चवीने निराळे, पण कार्याने जवळचे. खुरासानी ओवा मात्र नावापुरताच ओवा. भावप्रकाशात पारसीक यवानी ग्राही, मादक व गुरू सांगितली आहे. तिच्यातील हायोसायमीन व स्कोपोलामीन यांमुळे तोंडास कोरड, अंधुक दृष्टी व भ्रम संभवतो. ती स्वयंपाकाची वस्तू नव्हे.

अतिविषेच्या अभावी मुस्ता घेण्याची परंपरा आहे. कारण दोन्ही दीपन, पाचन व ग्राही आहेत. म्हणजे प्रतिनिधी ठरतो तो कर्मसाम्याने, नामसाम्याने नव्हे. हाच निकष स्वयंपाकघरासही लागू आहे.

औषधविक्रेत्यांनी खुरासानी ओवा स्वतंत्र बरणीत, पूर्ण नावाने ठेवावा आणि चिठ्ठीशिवाय देऊ नये. वैद्यांनीही चिठ्ठीत ‘यवानी’ की ‘पारसीक यवानी’ हे स्पष्ट लिहावे. शंका आल्यास दाणे तळहातावर चोळून पाहावेत. ओव्याचा थायमॉलयुक्त उग्र गंध खुरासानी ओव्यास येत नाही.