शस्त्रक्रियेदरम्यान चेतासंदेशांचे संनियंत्रण : शुद्ध नोंदीचे महत्त्व

प्रस्तावना :
पाठीच्या कण्याचा बाक सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेत मेरुरज्जूला इजा होण्याचा धोका असतो आणि भूल दिलेला रुग्ण काहीच सांगू शकत नाही. १९७३ मध्ये स्टान्यारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या मध्येच भूल हलकी करून रुग्णास पाय हलविण्यास सांगण्याची चाचणी मांडली. तथापि ही चाचणी त्या क्षणापुरतेच उत्तर देते. सातत्याने माहिती मिळण्यासाठी विद्युत संदेशांची नोंद आवश्यक ठरते. ही नोंद अधिक विश्वासार्ह कशी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संदेश व व्यत्यय :
घोट्याजवळील चेतातंतूस उद्दीपन दिल्यावर मेंदूपर्यंत पोहोचणारा संदेश डोक्यावरील इलेक्ट्रोडद्वारे नोंदविला जातो. तो जेमतेम एक-दोन मायक्रोव्होल्टचा असल्याने मेंदूच्या इतर विद्युत क्रियेत झाकला जातो. म्हणून अनेक उद्दीपनांची सरासरी काढतात. ४०० उद्दीपनांच्या सरासरीने अनियमित व्यत्यय २० पट घटतो. परंतु सेकंदास ४.७ या गतीने त्यास सुमारे ८५ सेकंद लागतात. व्यत्यय मुळातच निम्मा केल्यास १०० उद्दीपने, म्हणजे सुमारे २१ सेकंद पुरतात. इजेची सूचना तितकी लवकर मिळते.

सुधारणेचे उपाय :
१) इलेक्ट्रोडचा रोध कमी व समान ठेवावा, तारा एकत्र पिळून घ्याव्यात.
२) उद्दीपनाची गती सेकंदास नेमकी ५ ठेवू नये. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याचा व्यत्यय प्रत्येक वेळी त्याच टप्प्यावर येतो व सरासरीत नाहीसा होत नाही.
३) श्वासावाटे दिलेल्या भुलीने संदेश क्षीण होतात, म्हणून शिरेवाटे प्रोपोफॉल देणे अधिक सोयीचे ठरते.
४) संवेदी संदेश मुख्यतः मेरुरज्जूच्या मागील भागातून जातो. हालचालींचा मार्ग दुखावला तरी तो अबाधित राहू शकतो. यासाठी कवटीवरून मेंदूस उद्दीपन देऊन स्नायूंचा प्रतिसादही तपासावा. मर्टन व मॉर्टन यांनी १९८० मध्ये असे उद्दीपन शक्य असल्याचे दाखविले. या तपासणीवेळी स्नायू शिथिल करणारी औषधे टाळावी लागतात.

निष्कर्ष :
संवेदी संदेशाची उंची ५० टक्क्यांनी घटणे किंवा त्यास १० टक्के विलंब होणे, ही रूढ धोक्याची सूचना होय. मात्र रक्तदाब वा शरीराचे तापमान उतरल्यानेही संदेश बदलतो. मूळ नोंदच अस्थिर असेल, तर खरी घट व भासमान घट वेगळी ओळखता येत नाही. म्हणून शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व तंत्रज्ञ यांनी शस्त्रक्रियेच्या आरंभीच स्वच्छ नोंद मिळविणे, हीच या पद्धतीतील खरी सुधारणा ठरते.