दिवस कोणाचा, भीती कोणाची?



सातपुड्याच्या पाड्यांवर घरगुती प्रार्थना संपली आणि चहा झाला की खरे प्रश्न निघू लागतात. कोणी विचारते, “शाळेत 15 ऑगस्टला नारळ फोडतात, पोरांना पाठवावं का?” कोणी विचारते, “होळीला भाऊबंद बोलावतात, जावं का?” आणि मग एखादी आई हळूच म्हणते, “आज अमावस्या आहे. पोराला ताप आहे, पण आज घराबाहेर काढायचं म्हणजे भीती वाटते.”

पहिले दोन प्रश्न सणांचे आणि तिसरा भीतीचा, असे आपल्याला वाटते. पण बहुधा तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत असते. एखाद्या दिवसात, वस्तूत किंवा माणसात वाईट शक्ती दडलेली आहे आणि जवळ गेले की ती आपल्याला धरते, अशी ती समजूत. म्हणून या अंकात दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत.

दिवसांविषयी शास्त्र काय शिकवते?

रोम येथील मंडळीत याच कारणावरून वाद होता. कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानी, तर कोणी सगळे दिवस सारखे मानी. रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात पौल एकाही बाजूला दोषी ठरवत नाही. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, जे करायचे ते प्रभूसाठी आणि उपकारस्तुतीने करावे, आणि भावाचा न्याय करू नये, असे तो शिकवतो. कलस्सैकरांस पत्रात (2:16) तर सणांबरोबर नवचंद्राच्या दिवसाचाही उल्लेख आहे. अशा गोष्टींवरून कोणी तुमचा न्याय करू नये, असे तो तेथे सांगतो.

अमावस्या म्हणजे तरी काय? चंद्र पृथ्वी आणि सूर्य यांच्यामध्ये येतो, त्याची उजळलेली बाजू आपल्याकडे नसते, म्हणून तो दिसत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे हा चंद्र देवानेच आकाशात ठेवला, तोही दिवस आणि ऋतू ओळखता यावेत म्हणून. त्याच्या न दिसण्यात वाईट काही नाही.

मग सगळेच चालते का?

नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 10 व्या अध्यायात पौल दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो. बाजारात विकले जाणारे मांस चौकशी न करता खा. पण मूर्तीच्या यज्ञात भाग घेऊ नका. बाजार हा बाजार आहे आणि उपासना ही उपासना आहे.

हाच भेद आपल्या भागात लावून पाहू. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो. तेथे जाऊन मीठ-मिरची, कपडे घेणे, नातेवाइकांना भेटणे, ढोल ऐकणे यात पाप नाही. पण होळीसाठी नवस बोलून पाळणी धरणे ही उपासना आहे, आणि आपला नवस आता प्रभूपाशी आहे. पाळणी धरणाऱ्या भावाला हसू नये, त्याच्याशी भांडू नये. “आम्ही हे करत नाही, पण तुझ्या घरी भाकर खायला येऊ,” एवढे प्रेमाने सांगता येते.

15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि 1 मे हे तर कोणत्याही धर्माचे दिवस नाहीत. नंदुरबारमध्ये 1942 साली शिरीषकुमार हा शाळकरी मुलगा तिरंग्यासाठी गोळीला सामोरा गेला. त्या झेंड्याला मान देणे हे देवाची भीती बाळगणाऱ्या नागरिकाचे काम आहे. कार्यक्रमात फोटोची पूजा होत असेल तर मुलाने तेवढा वेळ शांतपणे उभे राहावे, आणि पालकांनी शिक्षकांशी आधीच नम्रपणे बोलून घ्यावे. मुलाला घरी बसवण्याची गरज नाही.

9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाचेही तसेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक 9 ऑगस्ट 1982 रोजी झाली, म्हणून 1994 मध्ये हा दिवस ठरवण्यात आला. भिल्ल किंवा पावरा म्हणून जन्माला येणे ही देवाची देणगी आहे. ख्रिस्ती झाल्याने ती पुसली जात नाही. आपली बोली, आपला पोशाख, आपले ढोल घेऊन त्या दिवशी समाजाबरोबर चालावे.

भीती कपडे बदलून येते

एका गोष्टीची मात्र आपण कबुली दिली पाहिजे. कधी कधी जुनी भीती तशीच राहते, फक्त तिचे नाव बदलते. जो पूर्वी अमावस्येला घाबरे तो आता शेजाऱ्याच्या तोरणाला घाबरतो. जो पूर्वी प्रत्येक दुखण्यात करणी पाही तो आता प्रत्येक दुखण्यात भूत पाहतो. पूर्वी तो बडव्याकडे धावे, आता प्रार्थना करणाऱ्याकडे धावतो. दवाखाना तेव्हाही राहून जाई आणि आताही राहतो.

सैतान नाही, असे शास्त्र म्हणत नाही. पण आपल्यामध्ये जो आहे तो जगात असणाऱ्यापेक्षा थोर आहे, ही योहानाच्या पहिल्या पत्राची (4:4) शिकवण आहे. म्हणून सैतानाची ओळख ठेवावी, त्याचा धाक बाळगू नये.

या भीतीची किंमत कोण देते?

सातपुड्यात याचे उत्तर फार दुःखाचे आहे. घरात मुले एकामागून एक आजारी पडली की “कोणीतरी खाते आहे” असे बोलले जाते. मग बडवा नाव काढतो, आणि ते नाव बहुधा एकट्या बाईचे, विधवेचे, किंवा जिच्या जमिनीवर कोणाचा डोळा आहे तिचे असते. एकदा “डाकीण” म्हटले की तिला मारहाण होते, गाव सोडावे लागते. काहींचे जीवही गेले आहेत.

आणि मुलांना खरोखर झालेले असते काय? या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. त्यात गोल असणारी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. ताप, थंडी किंवा पाणी कमी पिणे यामुळे सांधे, पोट, छाती यांत असह्य कळा उठतात. हा आजार आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एकाच घरातली दोन-तीन मुले आजारी का पडतात, याचे उत्तर येथे आहे. शेजारणीच्या नजरेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे. प्रभूने कोणाचेही नाव काढले नाही. त्याने त्या माणसाला बरे केले (योहान 9). इफिस येथे विश्वास ठेवणाऱ्यांनी जादूची पुस्तके जाळली, त्यांची किंमत पन्नास हजार रुपे होती (प्रेषितांची कृत्ये 19). त्यांनी पुस्तके जाळली. कोणा बाईला घराबाहेर काढले नाही.

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. कोणाला करणी करणारी म्हणून त्रास देणे, भूत काढण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे, साप चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र घालणे हे गुन्हे आहेत, आणि त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे. हा कायदा बडव्याला लागू आहे तसा आपल्यालाही लागू आहे. प्रार्थना करताना कोणाला मारणे, उपाशी बांधून ठेवणे किंवा गोळ्या बंद करायला सांगणे याला मंडळीत जागा नाही.

आपण काय करू शकतो?

मुलाला वारंवार कळा येत असतील, डोळे पिवळे होत असतील, तर आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. लग्न ठरवण्याआधी दोघांची तपासणी व्हावी. प्रार्थना घरी करावी, गाडीत करावी आणि दवाखान्याच्या ओट्यावरही करावी. पण तिच्यासाठी निघायला उशीर करू नये. आणि गावात एखाद्या बाईचे नाव निघू लागले तर विश्वासणाऱ्या भगिनींनी त्याच दिवशी तिच्या घरी जावे, तिच्या हातचे पाणी प्यावे. शंभर उपदेशांपेक्षा गाव ते पाणी जास्त लक्षात ठेवते. धोका दिसला तर पोलीस पाटील व पोलीस ठाणे यांना लगेच कळवावे.

प्रार्थनेसाठी विषय

• डाकीण ठरवून गावाबाहेर काढलेल्या भगिनींना पुन्हा घर आणि मान मिळावा.
• सिकलसेलच्या मुलांना वेळेवर तपासणी व औषध मिळावे.
• नव्या विश्वासणाऱ्यांना सणांच्या दिवसांत प्रेमाने बोलण्याची बुद्धी मिळावी.
• आमच्या सेवकांच्या मनातली भीती जावी, म्हणजे ते अमावस्येच्या रात्रीही आजाऱ्याला घेऊन घाट उतरतील.